परीक्षा सरकारी, तयारी खासगी

२०२५ साली एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या वाटेवरच्या मुलांच्या परीक्षेला, चार लाख वीस हजारांहून जास्त मुलं बसली. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, पुस्तकं बालभारतीची, परीक्षा राज्याच्या सीईटी कक्षाची, प्रवेशाच्या फेऱ्याही त्याच कक्षाच्या. सगळा कारभार सरकारी. मधली तयारी तेवढी सरकारने आपल्याकडे ठेवलेली नाही. ती ज्याची त्याने बाजारातून आणायची. ऐपत असेल त्याने लातूर, नांदेड, पुणे गाठायचं; नसेल त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून भागवायचं. माझं म्हणणं असं की जी परीक्षा सरकार सक्तीची करतं, तिची तयारी करून देणंही सरकारकडेच येतं, आणि ते काम करायची जागा ज्युनियर कॉलेज आहे. सीईटी रद्द करा म्हणणाऱ्यांत मी नाही. क्लास बंद पाडा म्हणणाऱ्यांतही नाही.

मी तालुक्याच्या गावी एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. तेव्हा यात माझा हितसंबंध आहे, हे वाचकाने धरून चालावं.

तयारी तयारी म्हणतात ती नेमकी काय असते, ते आधी पाहू. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, एकेक गुण, त्यांनाही ९० मिनिटंच. म्हणजे गणिताच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद आणि बाकीच्या दोन विषयांत ५४. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीवर साधारण २० टक्के प्रश्न, उरलेले बारावीवर. पुस्तक तेच, धडे तेच, आणि तरी बोर्डाला ऐंशीपैकी सत्तर मिळवणारी मुलगी सीईटीला आपटते. असं का होतं ते एका गणितावरून सांगतो.

टॅन (४५ + थीटा) वजा टॅन (४५ − थीटा) बरोबर किती? अकरावीच्या त्रिकोणमितीतलं हे नेहमीचं गणित. बोर्डाच्या पद्धतीने मूल आधी सूत्र लिहितं, दोन्ही पदांचा विस्तार करतं, छेद समान करतं, वर्गांची वजाबाकी करतं, मग दुप्पट कोनाचं सूत्र आठवून २ टॅन २थीटा या उत्तराला पोचतं. पाच-सहा ओळी, तीन मिनिटं, पायऱ्यांचे गुण. सीईटीत खाली चार पर्याय दिलेले असतात: २ टॅन २थीटा, २ सेक २थीटा, टॅन २थीटा, कॉट २थीटा. क्लासला जाणारा मुलगा सूत्राला हातच लावत नाही. तो थीटाच्या जागी १५ घालतो. टॅन ६० वजा टॅन ३०, म्हणजे √३ वजा १/√३, म्हणजे २/√३. आता पर्यायांत १५ घालून बघायचं. पहिला २/√३ देतो, दुसरा ४/√३, तिसरा १/√३, चौथा √३. पहिल्यावर क्लिक. वीस सेकंद.

याला कोणी लबाडी म्हणेल तर मी म्हणणार नाही. विशिष्ट किंमत घालून सूत्र तपासणं हे चांगलं गणित आहे, संशोधन करणारेही ते करतात. शून्य घातलं असतं तर दोन पर्याय एकदम जुळले असते, म्हणून १५ घ्यायचे, हे कळायला समज लागते. पण ही समज पाठ्यपुस्तकात कुठे लिहिलेली नाही. बोर्डाच्या पेपरात असं केलं तर गुण मिळत नाहीत, म्हणून वर्गात कोणी शिकवत नाही. ती क्लासच्या फळ्यावरून वहीत उतरते. इंटिग्रेशनचं उत्तर काढण्याऐवजी पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघायचं, डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्याऐवजी पर्याय त्यात घालून बघायचे, मॅट्रिक्सचा इन्व्हर्स पूर्ण न काढता एकाच ओळीचा गुणाकार करून पर्याय उडवायचे, अशा पन्नास-साठ गोष्टी आहेत. त्यावर वेळेचं गणित: आधी केमिस्ट्री, कारण तिथे वाचलं की आलं किंवा नाही, मग उरलेला वेळ फिजिक्सला. आणि शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची, राहिलेल्या सगळ्या प्रश्नांवर काहीतरी क्लिक करायला. गुण कापत नाहीत ना! दरवर्षी परीक्षेहून परतलेल्या मुलांना मी विचारतो, किती सोडले? आमच्याकडची मुलं प्रामाणिकपणे सांगतात, “सर, बारा आलेच नाहीत, ते सोडून दिले.” बारा प्रश्न, चोवीस गुण. चारांतून एक या हिशेबाने नुसत्या अंदाजानेही सहा गुण पदरात पडले असते. हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आता मी सांगतो, पण तास मिळाला तर.

तास का मिळत नाही, हे पालकांना कळलं तर बरं. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीचे गुण मोजले जात नाहीत. पीसीएममध्ये ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के, एवढी पात्रता पुरते. पुढची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात त्यावर, लागते. हा नियम झाला आणि अकरावी-बारावी हे दोन वर्षांचं शिक्षण एका शिक्क्यावर आलं. त्यातून ‘इंटिग्रेटेड’ नावाचा प्रकार फोफावला: नाव एका ज्युनियर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, दोघांचं टायअप. हजेरी कॉलेज लावतं, प्रॅक्टिकलचे गुण कॉलेज देतं, फी क्लास घेतो. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. यंत्रं बसली. पुढे ती किती ठिकाणी चालू राहिली, हे ज्याने त्याने आपल्या जवळच्या कॉलेजात जाऊन बघावं.

आमचं कॉलेज टायअपवालं नाही, तरी दिवाळीनंतर हजेरीपटावर ऐंशी नावं आणि बाकांवर पंधरा-वीस मुलं हे चित्र आमच्याकडेही असतं. व्हर्नियर कॅलिपर हातात न धरता मूल बारावी पास होतं. जर्नल बाजारात भरलेलं मिळतं. प्रॅक्टिकलच्या ३० पैकी २८ गुण पडतात आणि बाहेरून आलेले परीक्षक चहा घेऊन सह्या करतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि याची तक्रार कोणी करत नाही, कारण यात कोणाचंच तात्पुरतं नुकसान नाही.

दोष नुसता मुलांचा किंवा क्लासवाल्यांचा नाही. अनुदानित जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तिथे तासिका तत्त्वावर तरुण शिक्षक येतात, मानधन उशिरा मिळतं, मार्चमध्ये ते दुसरीकडे जातात. विनाअनुदानित तुकड्यांवरचे शिक्षक याहून कमी पैशांत राबतात. आणि कायम नोकरीतल्या आमच्यापैकी काहींनी गेल्या वीस वर्षांत नवीन प्रश्न सोडवलेला नाही, हेही खरंच. क्लासमध्ये शिकवणारा माणूस रोज नवा पेपर सोडवतो, कारण नाही सोडवला तर पुढच्या बॅचला मुलं येणार नाहीत. त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माझी हरकत आहे ती त्या कष्टांच्या वाटपाला.

वाटप कसं होतं ते आमच्या तालुक्यात उघड दिसतं. एका घरात मुलगा आणि मुलगी एका वर्षाच्या अंतराने दहावी झाले, तर मुलाला लातूरला खोली करून दिली जाते आणि मुलगी एसटीचा पास काढून आमच्याकडे येते. वडिलांना विचारलं तर म्हणतात, “पोरीला लांब कसं ठेवायचं सर, आणि दोघांचा खर्च झेपणार आहे का?” २०२४ पासून राज्य सरकार आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करतं. निर्णय चांगलाच आहे, आमच्या काही मुलींना त्याचा थेट फायदा झाला. पण तो फायदा कॉलेजात प्रवेश मिळाल्यावरचा आहे. चांगल्या कॉलेजापर्यंत पोचायची दोन वर्षं त्या मुलीने कोणाच्या जोरावर काढायची? चार वर्षांची फी भरायला तयार असलेलं सरकार त्याआधीच्या दोन वर्षांत तिच्यासाठी जवळपास काही करत नाही.

जवळपास म्हटलं, कारण ‘महाज्योती’ आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ही संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅब आणि इंटरनेट डेटाही देते. आमच्याकडच्या काही मुलांना टॅब मिळाले. ज्यांनी ते नेटाने वापरले त्यांना उपयोग झाला. पण टॅबवर शंका विचारायला माणूस हवा असतो, आणि तो माणूस त्याच मुलाच्या कॉलेजात खडू घेऊन उभा असूनही या योजनेत कुठेच नाही. टॅबवरचे शिक्षक कोणता धडा घेतायत हे मला कळत नाही, मी कोणता घेतोय हे त्यांना. एकाच मुलावर सरकार दोन वाटांनी खर्च करतं आणि त्या वाटा एकमेकींना भेटत नाहीत.

आता जागांकडे येतो, कारण या सगळ्या धावपळीमागे एक भीती आहे की प्रवेशच मिळणार नाही. ती खोटी आहे. २०२४-२५ मध्ये राज्यात इंजिनिअरिंगच्या सुमारे १ लाख ८० हजार जागा होत्या आणि भरल्या त्या दीड लाखाच्या आसपास. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने त्याच वर्षी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, त्यानंतर कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या आणखी वाढल्या. ज्याला इंजिनिअर व्हायचंच आहे त्याला महाराष्ट्रात जागा आहे. स्पर्धा आहे ती पुण्याच्या सीओईपी, माटुंग्याच्या व्हीजेटीआय, सांगलीच्या वालचंद, नांदेडच्या एसजीजीएस अशा मोजक्या ठिकाणच्या काही हजार जागांसाठी, आणि त्यातही कॉम्प्युटरसाठी. तिथली फी परवडते आणि कॅम्पसला कंपन्या येतात. म्हणजे जिथे गरिबाच्या मुलाने जायला हवं, नेमकी तिथेच तयारी विकत घेणाऱ्यांची गर्दी आहे. ज्याला ते जमत नाही तो महागड्या फीच्या, रिकाम्या जागांच्या कॉलेजात जातो.

पर्सेंटाइलबद्दलही घरोघरी गैरसमज आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. चार लाख वीस हजारांत ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे ४२ हजार मुलं असतात. ९९ वाल्याच्या पुढे ४ हजार २००. ९९ आणि साडेनव्व्याण्णव यांच्यामध्ये २ हजार १०० मुलं उभी असतात, आणि त्या दोघांच्या गुणांत फरक असतो तो थोड्याशा प्रश्नांचा. वरच्या टोकाला ज्ञानातला फरक संपलेला असतो आणि वर सांगितलेल्या त्या वीस सेकंदांच्या युक्त्या निकाल ठरवत असतात. तिथे पोचलेली पोरं हुशार असतात, यात वाद नाही. तेवढीच हुशार, पण १५ घालून बघायचं माहीत नसलेली मुलं त्यांच्या मागे पाच-दहा हजारांवर असतात, एवढंच मला दाखवायचं आहे.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: बारावीचे ५० टक्के आणि सीईटीचे ५० टक्के धरा. २०२२ मध्ये तशी घोषणाही झाली होती, प्रत्यक्षात काही आली नाही. शिक्षक म्हणून मला हा उपाय आवडायला हवा, कारण त्याने वर्ग भरतील. पण प्रॅक्टिकलचे २८ गुण कसे पडतात हे मी वर लिहिलंय. ते गुण थेट रँक ठरवायला लागले तर ३० पैकी ३० पडतील आणि कॉपीमुक्तीची पथकं आणखी वाढवावी लागतील. जेईई मेनने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. २०१३ ते २०१६ या काळात बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, २०१७ पासून ते काढलं. महाराष्ट्राने तर २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावी अशी यादी लावली, आणि २०१६ मध्ये परत एमएचटी-सीईटीवर आला. त्या दोन वर्षांत आमच्यासारख्या ठिकाणचे शिक्षक सीबीएसईच्या पुस्तकांची झेरॉक्स शोधत होते. शहरातल्या क्लासांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत नवीन नोट्स छापून तयार ठेवल्या होत्या. नियम बदलला की सगळ्यात आधी क्लास तयार होतो आणि सगळ्यात शेवटी ज्युनियर कॉलेजला पत्र येतं. आता २०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचं जाहीर झालंय. ऐन परीक्षेत आजारी पडणाऱ्या मुलाला ती दुसरी संधी आहे, चांगलं आहे. क्लासवाल्यांना ती दुसऱ्या क्रॅश कोर्सची संधी आहे.

नियम बदलल्याने बाजार कसा उभा राहतो, याचं ताजं उदाहरण बीसीएचं. २०२३-२४ पर्यंत बीसीए, बीबीए, बीएमएस हे संगणक आणि व्यवस्थापनाच्या पदवीचे साधे अभ्यासक्रम होते. बारावीचा निकाल लागला की मुलं जवळच्या कॉलेजात जाऊन फॉर्म भरायची. २०२४-२५ मध्ये एआयसीटीईने हे अभ्यासक्रम आपल्याकडे घेतले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. जागा लाखाच्या वर आणि पहिल्या परीक्षेला बसलेली मुलं पन्नास हजारांच्या आत. मुलांना परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून बीकॉमच्या छत्राखाली तेच शिकवायला घेतलं, म्हणजे सीईटीची भानगड नको. आणि ही परीक्षा कशाची? इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणकाची तोंडओळख, त्यातही इंग्रजीचा वाटा सगळ्यात मोठा. गणिताचा पत्ता नाही. जिथे मुलांपेक्षा जागा जास्त, तिथे चाळणी कशाला लावायची, याचं पटणारं उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. क्लासच्या पाट्यांवर मात्र जेईई-नीट-सीईटीच्या खाली ‘बीसीए-बीबीए सीईटी’ अशी एक ओळ वाढली.

एमसीएची, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, गोष्ट जरा वेगळी. तिथे परीक्षेला कारण आहे. २०२० पासून एमसीए तीनचं दोन वर्षांचं झालं आणि सगळ्या शाखांचे पदवीधर त्याकडे वळले. राज्याच्या सीईटीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात आणि त्यात गणित-संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी, संगणक असं सगळं येतं. एनआयटींमधल्या एमसीएसाठीच्या निमसेट या परीक्षेत १२० पैकी ५० प्रश्न गणिताचे. बीकॉम किंवा बीसीए करताना ज्या मुलीचा तीन वर्षं गणिताशी फारसा संबंध आला नाही, ती एकविसाव्या वर्षी पुन्हा अकरावीचं पुस्तक उघडते. तालुक्यात एमसीएचा क्लास नसतो, कारण तेवढी गिऱ्हाइकं नसतात. गेल्या काही वर्षांत अशा मुली, आमच्याच जुन्या विद्यार्थिनी, माझ्याकडे येतात. सुट्टीच्या दिवशी स्टाफरूममध्ये बसून आम्ही परम्युटेशन, प्रॉबेबिलिटी आणि सेट्स उजळतो. त्यांची तयारी होते. विशेष काही लागत नाही त्याला: एक फळा, जुने पेपर, शंका विचारल्यावर न चिडणारा माणूस आणि घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्या. कोट्यवधींच्या इमारतीत आणि पानभर जाहिरातीत जे विकलं जातं, त्याचा गाभा एवढाच आहे, असं माझं मत या मुलींमुळे झालं.

भाषेचा मुद्दा इथेच मांडतो. जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते. पण मराठीतून जेईईची तयारी करायची म्हटली तर पुस्तक कुठलं, चाचणी मालिका कुठली, शिकवणारा कोण? विज्ञान शाखा जवळपास सगळीकडे इंग्रजीतूनच चालते. दहावीपर्यंत ‘त्रिकोणमिती’ शिकलेलं मूल अकरावीत एका आठवड्यात ‘ट्रिगोनोमेट्री’त येऊन पडतं आणि पहिली सहामाही शब्द ओळखण्यात जाते. पेपर मराठीत काढून दिला की सरकारची जबाबदारी संपते, ही समजूत तयारी खासगी ठेवण्याच्या त्याच सवयीतून आलेली आहे.

मग करायचं काय? माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पहिली, सीईटीच्या सगळ्या वर्षांचे, सगळ्या सत्रांचे पेपर उत्तरांसह आणि स्पष्टीकरणांसह सगळ्यांना मोफत मिळाले पाहिजेत. बालभारतीची पुस्तकं जशी पीडीएफमध्ये मिळतात तसे. जेईई मेनचे पेपर ती घेणारी केंद्राची संस्था एनटीए संकेतस्थळावर टाकते, मग सीईटीला अडचण काय? आज आमची मुलं बाजारातली जाडजूड गाइडं विकत घेतात, त्यातली निम्मी उत्तरं मी पेनाने दुरुस्त करून देतो. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या वीसहून अधिक प्रश्नांचे पर्यायच चुकले होते आणि सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पर्यायांत उत्तरच नाही हे परीक्षेच्या हॉलमध्ये छातीठोकपणे ओळखायलाही सराव लागतो. सराव नसलेल्याला आपलंच चुकलं असं वाटलं असणार. एका प्रश्नावर आक्षेप नोंदवायला १००० रुपये लागतात. आमच्या बाकांवरचं कोणतं मूल ते भरेल?

दुसरी मागणी बोर्डाकडे. बारावीच्या गणिताला ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे आहेत. त्या २० गुणांत आज काय चालतं ते सोडा, पण तिथे वेळ लावून बहुपर्यायी सराव अधिकृतपणे आणता येईल. पर्यायांवरून उलट जाणं, अंदाज बांधणं, एखादी किंमत घालून तपासणं, या गोष्टी पाठ्यपुस्तकात आल्या की त्यांची ‘शॉर्टकट’ म्हणून विक्री आपोआप मंदावेल. माझ्या वर्गातल्या मुलाला ते शिकवायला मला मग चोरून तास काढावा लागणार नाही.

तिसरी, कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब. सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. आमच्याकडची कित्येक मुलं पडद्यावरचं गणित कागदावर उतरवून पुन्हा पडद्याकडे बघण्याचा सराव पहिल्यांदा थेट परीक्षेच्या दिवशीच करतात. तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजची लॅब नोव्हेंबर ते एप्रिल दर शनिवारी उघडी ठेवली, तिथे सीईटी कक्षाने स्वतःच्या सॉफ्टवेअरवर सराव परीक्षा घेतली आणि सोमवारी त्याच पेपरवर वर्गात चर्चा झाली, तर क्लासच्या टेस्ट सिरीजचा मोठा भाग घरच्या घरी मिळेल. प्रवेशाच्या फेऱ्यांचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, कसा भरायचा, हेही तिथेच सांगता येईल. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा तिथेच पक्की होते, हे न कळल्यामुळे चांगल्या पर्सेंटाइलची पोरं भलत्याच कॉलेजात अडकतात, आणि हल्ली तो फॉर्म भरून देणारे सल्लागारही पैसे घेतात.

पैसा कुठून आणायचा, असं विचाराल. २०२५ च्या सीईटीचं शुल्क खुल्या गटाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गांना ८०० रुपये होतं. पीसीएम गटात २०२५ मध्ये साडेचार लाखांहून जास्त अर्ज आले होते. सगळ्यांनी ८०० रुपयेच भरले असं धरलं तरी एका गटाचे ३६ कोटींच्या वर होतात. त्यातून परीक्षेचा खर्च जातो, तो जायलाच हवा. उरतं त्याचा हिशेब जाहीर करावा आणि त्यातला एक हिस्सा या शनिवारांना द्यावा. ते पैसे पोरांच्याच खिशातून आलेले आहेत.

राहता राहिला शिक्षकांचा प्रश्न. आधीच कामं कमी आहेत का, असं माझे सहकारी म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. पण निवडणुकीच्या याद्या आम्ही करतो, मतदान केंद्रावर रात्र काढतो, जनगणना आली की घरोघर फिरतो. आदेश निघतो, मानधन ठरतं आणि कामं होतात. शनिवारच्या सराव परीक्षेचा तसाच आदेश काढा, तासाचं मानधन ठरवा आणि ते तीन महिन्यांनी नव्हे, त्याच महिन्यात द्या. हे काम तर आमच्या विषयाचं आहे, आम्ही येऊ.